पाण्याखालची कुर्डी

प्रिय विनायक,

परवा फोनवर तू विचारलंस, "गायिका मोगूबाई कुर्डीकरांची कुर्डी आहे तरी कुठे?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

कुर्डी गोव्यात, सांगे तालुक्यात. एरवी साळावली धरणाच्या पोटात असते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येते, पावसाळा लागला की पुन्हा बुडते. मी मे महिन्यात गेलो होतो. चिखल वाळून तडकलेला, माडांचे बुंधे काळे पडून उभे. चिऱ्याच्या घरांची नुसती जोती उरलीत. एका जोत्यापुढे तुळशीवृंदावन होतं, त्याच्या कोनाड्यात शिंपले चिकटलेले.

गोवा १९६१ साली मुक्त झाला. पुढे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गावात आले आणि धरण होणार, साऱ्या दक्षिण गोव्याचं भलं होणार, असं सांगून गेले. तीनएक हजारांची वस्ती. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळेच. भातशेती, माड, काजू, फणस. लोकांना वाडें आणि वालकिणीला जमिनी दिल्या आणि १९८६ साली गाव पाण्याखाली गेलं.

महादेवाचं जुनं दगडी देऊळ तेवढं वाचलं. दगड न् दगड सुटा करून ते धरणाजवळ पुन्हा उभं केलंय, आणि काम खरंच चोख आहे. माणसांच्या वाट्याला मात्र एवढी निगुती आली नाही. धरणाचं पाणी दूरदूर पोचलं, पण ज्यांनी त्यासाठी घरं सोडली ते पुढे कित्येक वर्षं विहिरी आणि टँकरवर दिवस काढत राहिले. देवाचं पुनर्वसन व्यवस्थित, भक्तांचं रामभरोसे! गावासाठी गाव सोडणाऱ्याला निदान नळ तरी आधी द्यायचा की नाही?

सोमेश्वराचं देऊळ मात्र हललं नाही. मे महिन्यात त्याच्या उत्सवाला जुने गावकरी येतात, चॅपेलच्या फेस्ताला ख्रिस्ती मंडळी. नातवंडांना जोत्यावर उभं करून "ही आपली ओसरी, इथे गोठा" असं दाखवणं चालू असतं. वाद पण होतात रे, कुणाची हद्द कुठवर होती यावरून!

आता तुझ्या मोगूबाई. जन्म १९०४चा. लहानपणीच आईने नाटक कंपनीत घातलं, पुढे सांगलीत अल्लादियाखाँसाहेबांची गाण्याची तालीम मिळाली. म्हणजे गाव बुडायच्या कितीतरी आधीच त्या तिथून निघाल्या होत्या. त्यांच्या घराच्या मोडक्या भिंती लोक आवर्जून दाखवतात. त्यांच्या लेकीच्या, किशोरीताई आमोणकरांच्या, रेकॉर्डी जिवापाड जपणाऱ्या तुला त्या पाहायच्या असतील, तर मेच्या मध्यावर ये. जूनवर ढकलू नकोस. टोपी आण, सावली औषधालाही नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर