लंगरातल्या जवानाची रायफल: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, जय हिंद.

मी ईएमईत, म्हणजे लष्कराची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, २४ वर्षं काढली. काम स्टोअरकीपरचं. बेअरिंग, फॅनबेल्ट, गास्केट आणि नटबोल्ट यांचा हिशेब ठेवायचा. सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी असतो. अपशिंगे गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. अशा मुलखात सुट्टीवर आलं की पारावरची पोरं विचारायची, "बॉर्डरवर किती मारले?" मी म्हणायचो, "लेजरं भरली, बाबांनो." हसून सोडून द्यायचे. पत्र मराठीत लिहितोय. तुमच्या खुर्चीवर यशवंतराव बसले, पवारसाहेब बसले, पर्रीकर बसले, तेव्हा तिथं मराठी वाचून दाखवणारा कुणीतरी सापडेलच.

म्हणणं एवढंच आहे. वर्दी घातलेल्या प्रत्येकाला, मग तो लंगरातला (फौजी स्वयंपाकघरातला) कुक असो, क्लार्क असो, ड्रायव्हर असो की धोबी, हातातलं हत्यार नीट चालवता आलं पाहिजे. आणि येत नसताना 'येतं' असं रजिस्टरात लिहिणं थांबलं पाहिजे.

रजिस्टराचं का म्हणतो ते सांगतो. युनिटचं नाव घेत नाही. जिथं घडलं तिथली माणसं वाईट नव्हती. वार्षिक फायरिंगचा दिवस होता. पहाटे चारला गाडीत बसलो. कोतमधून (हत्यारांच्या खोलीतून) हाताला येईल ती इन्सास रायफल मिळाली. माझ्या नावावरची वेगळी होती, पण त्या घाईत दस्त्यावरचा बट नंबर कोण बघतो? दुसऱ्याच्या डोळ्याला झिरो केलेली, म्हणजे त्याच्या नेमाला जुळवलेली, रायफल म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. फायर करणारी शेवटची डिटेल (तुकडी) ट्रेड्समनची, म्हणजे कुक-धोब्यांची. ऊन चढलेलं, जेवणाची वेळ टळत आलेली आणि जेवण बनवणाराच फायरिंग पॉइंटवर पालथा पडलेला. मागून आवाज आला, "जल्दी निपटाओ." तो कुक माझ्या शेजारच्या लेनवर. पहिल्या गोळीलाच त्यानं डोळे मिटले ते पाचवी सुटेपर्यंत उघडले नाहीत.

मी पाच गोळ्या झाडल्या होत्या. माझ्या टार्गेटवर सात भोकं निघाली. त्याच्या टार्गेटवर चार, आणि तीही चांगली वीतभर घेरातली. जवळ जाऊन बघितलं तर भोकांपाशी कागद आत दुमडला होता तो गोळीनं नाही, पेन्सिलीनं. भोकं मोजणाऱ्या मार्करनं बटमध्ये (टार्गेटखालच्या खंदकात) बसल्या बसल्या त्याला पास करून टाकलं होतं. मीही काही बोललो नाही, भूक मलाही लागली होती. नंतर पुंगळ्या (झाडलेल्या गोळ्यांची रिकामी टरफलं) मोजल्या. त्या मात्र एकूण एक. एक कमी भरली तर सगळी नफरी (हजर माणसं) गुडघ्यावर बसून गवत चाळते. गोळी गेली कुठं याला हिशेब नाही, पुंगळीला आहे.

त्याच हिवाळ्यात माणसं कमी पडली म्हणून त्याला रात्रीच्या गार्डवर लावलं. पहाटे ड्युटी बदलताना त्यानं रायफल खाली, म्हणजे रिकामी, केली. आधी कॉक केली, मग मॅगझिन काढलं, मग घोडा दाबला. रायफलवाल्या माणसाला इथंच घाम फुटला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो: मॅगझिन आधी काढायचं असतं. कॉक केल्यावर एक गोळी नळीत चढून बसली होती. ती माझ्या कानापासून हातभरावरून पत्र्यातून आरपार गेली. शिक्षा त्याला झाली. पेन्सिलवाल्याला नाही, आणि मलाही नाही.

म्हणून 'कुकला रायफल कशाला, उगाच अपघात होतील' असं कुणी म्हणालं की मला ते उलटं वाटतं. रायफल त्याच्या हातात आपण देतोच. माणसं कमी पडली की पहिल्यांदा त्यालाच देतो. शिकवायचं तेवढं राहून जातं.

दुसरा आक्षेप असा की या लोकांवर लढायची वेळ येतेच कुठं? साहेब, २ जानेवारी २०१६ची पहाट आठवा. पठाणकोटच्या हवाई तळावर डीएससीचे (तळांच्या पहाऱ्याच्या दलाचे, बहुतेक निवृत्त फौजी) जवान मेसमध्ये सकाळच्या तयारीत होते, हातात हत्यार नव्हतं. हवालदार जगदीश चंद एका अतिरेक्याच्या अंगावर धावून गेले, त्याचीच रायफल हिसकावली आणि त्याच रायफलीनं त्याला मारलं. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं. धाडसाबद्दल सगळे बोलतात. मी स्टोअरकीपर, माझं लक्ष दुसरीकडं जातं. परक्याचं हत्यार, झटापट, सेकंदांचा खेळ, आणि तरी ते जगदीश चंद यांच्या हातून चाललं. हात जुन्या फौजीचे होते. आमच्या त्या कुकच्या हातात तीच रायफल आली असती तर?

खरं तेही सांगायला पाहिजे. त्याच तळावर फतेह सिंग गेले. १९९५च्या राष्ट्रकुल नेमबाजी स्पर्धेत पदकं मिळवलेला माणूस. म्हणजे नेम असला की जीव वाचतोच असं नाही. उरीचं उदाहरणही मी मुद्दाम देत नाही. तिथं १९ जवान गेले, त्यातले चार आपल्या महाराष्ट्रातले. पण झोपेत तंबू पेटल्यावर नेमबाजी काय करणार? तिथला धडा कुंपणाचा आणि पहाऱ्याचा आहे. प्रत्येक हौतात्म्याला आपल्या मुद्द्याच्या खुंटीला टांगू नये.

त्याच २०१६च्या नोव्हेंबरात जम्मूजवळ नगरोट्याला हल्ला झाला तो तोफखान्याच्या युनिटवर. इन्फंट्रीवर नाही. पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी तिथं गेले. आत क्वार्टर्समध्ये बायका आणि तान्ही मुलं होती. तोफेवरचा माणूस तिथं तोफेनं लढत नाही, रायफलीनंच लढतो.

जुनं उदाहरण तर आपल्याच फौजेचं आहे. फेब्रुवारी १९४४, आराकान. जपान्यांनी ७व्या इंडियन डिव्हिजनची रसद तोडली आणि मागचा सगळा पसारा, म्हणजे दारूगोळा, पेट्रोल, खेचरं, इस्पितळ, एका खोलगट मैदानात कोंडला गेला. इतिहासात त्याला 'अॅडमिन बॉक्स' म्हणतात. नावच बघा, अॅडमिन! क्लार्क, स्टोअरवाले, खेचरवाले खंदकात उतरले आणि तीनएक आठवडे टिकले. पण ७ फेब्रुवारीच्या रात्री जपानी इस्पितळात घुसले आणि डॉक्टर-रुग्णांना मारलं. जनरल स्लिमनी तर त्याआधीच बजावून ठेवलं होतं की जंगलच्या लढाईत बिनलढाऊ असं कुणी नसतं, वैद्यकीय तुकडीनंसुद्धा आपला पहारा आपणच करायचा. ऐंशी वर्षं झाली त्याला.

अमेरिकेचंही एक घ्या, कारण पैसा असला की सगळं सुटतं असं आपल्याला वाटतं. मार्च २००३ला इराकमध्ये नासिरिया शहरात त्यांची एक मेंटेनन्स कंपनी वाट चुकून शिरली. आमच्यासारखेच लोक, मेकॅनिक, क्लार्क, कुक. ११ जण गेले. कित्येकांच्या रायफली ऐन वेळी अडकल्या. नंतरच्या अहवालात आलं की वाळवंटात नीट साफसफाई न झाल्यानं तसं झालं असावं. नळी साफ करायची दोरी, म्हणजे फुलथ्रू, आणि चिंधी, साहेब. ट्रेनिंगमध्ये उस्ताद रोज ओरडायचे तेच.

यावर तुमचे अधिकारी सांगतील की डॉक्टरांचं काय? त्यांचं वेगळंच असावं. जिनिव्हा कराराप्रमाणे डॉक्टरला स्वतःच्या आणि जखमींच्या बचावापुरतं हलकं हत्यार ठेवता येतं, तेवढं त्याला शिकवा. धर्मगुरूंना सोडून द्या. सगळ्यांनी शार्पशूटर व्हावं असंही मी म्हणत नाही. पदकं आणायला महूची मार्क्समनशिप युनिट आहे. मला हवंय ते साधं आहे: १०० मीटरवर चार इंचांचा ग्रुप (सगळी भोकं तेवढ्या घेरात), अंधारात मॅगझिन बदलणं, अडकलेली रायफल मोकळी करणं, आणि खाली करताना शेजाऱ्याचा जीव न घेणं.

ते होण्यासाठी फार पैसा लागत नाही. ज्याच्या नावावर जी रायफल आहे, त्यानं तीच झाडावी. एके-२०३ आधी इन्फंट्रीला जाणार, ते बरोबरच आहे, आमची तक्रार नाही. पण स्टोअरवाल्याकडं जुनी इन्सास राहणार असेल तर ती तरी त्याच्या डोळ्याला झिरो केलेली असू दे. वर्षातून एकदा रात्रीचं फायरिंग व्हावं. सिम्युलेटर जरूर आणा, पण तो खांद्याला धक्का देत नाही आणि डोळे मिटणारा माणूस त्यात पकडला जात नाही. गोळ्या तर आपल्याच वरणगावच्या कारखान्यात बनतात. आणि सगळ्यात आधी, बटमध्ये मार्कर दुसऱ्या युनिटचा बसवा. एवढ्या एका हुकमानं निम्मी रजिस्टरं खरी होतील. पहिल्या वर्षी निकाल वाईट लागेल. लागू दे. नापास झालेल्यांना डांबू नका, पुन्हा रेंजवर न्या.

घाई का, तर दोन गोष्टी बदलल्या आहेत. लष्करी सुधारणांसाठी नेमलेल्या शेकटकर समितीनंतर २०१७मध्ये सरकारनं ५७ हजार जणांना मागच्या कामातून लढाऊ कामाकडं वळवायचं ठरवलं. काल टेलिफोन एक्स्चेंजवर बसलेला उद्या पुढच्या चौकीत असू शकतो. दुसरं अग्निवीर. चार वर्षांतले ३१ आठवडे ट्रेनिंगचे. उरली साडेतीन वर्षंही नाहीत. वार्षिक फायरिंग दोनदा हुकलं तर त्याची अर्धी-अधिक नोकरी रायफलीशिवाय गेली.

आमच्या आळीतला एक पोरगा असाच ट्रेड्समन अग्निवीर आहे, लंगरात. मागच्या महिन्यात सुट्टीवर आला होता. मी विचारलं, "रात्रीचं फायर केलंस का कधी?" म्हणाला, "नाही तात्या. पण लाइट गेल्यावर दोनशे जणांच्या पोळ्या केल्यात."

त्याच्या युनिटचं रजिस्टर एकदा मागवून बघा. त्यात तो रात्रीच्या फायरिंगमध्येही पास असेल असं मला आपलं वाटतं.

आपला नम्र,
एक निवृत्त हवालदार, ईएमई
जि. सातारा