मिडफिल्डला खेळणाऱ्या माझ्या मुलास

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मिडफिल्डला खेळणाऱ्याने कोणाचे सामने पाहावेत, असे तू विचारले होतेस. इजिप्तच्या मोहम्मद अबूत्रिकाचे पाहा, असे मी मनापासून सुचवतो. गिझाजवळच्या नाहिया गावात 1978 साली जन्मलेला हा खेळाडू विश्वचषकात कधी उतरला नाही आणि युरोपातल्या क्लबकडेही गेला नाही, म्हणून तुझ्या पिढीला तो फारसा ठाऊक नसावा; पण कैरोच्या अल अहलीच्या लाल जर्सीत, 22 क्रमांक पाठीवर घेऊन त्याने पाच वेळा आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकली.

त्यातली 2006 ची अंतिम लढत आधी पाहा. कैरोतला पहिला सामना 1-1 असा सुटला होता, त्यामुळे ट्युनिशियातील रादेसच्या परतीच्या सामन्यात तिथल्या स्फाक्सिएन क्लबला, परक्या मैदानावरच्या गोलाला जास्त मोल देणाऱ्या नियमामुळे, गोलशून्य बरोबरीही पुरेशी होती. नव्वद मिनिटे सरली, भरपाईचा वेळ सुरू झाला, आणि सहकारी फ्लाव्हिओने डोक्याने खाली दिलेला चेंडू अबूत्रिकाने डाव्या पायाने थेट जाळ्यात धाडला. चेंडू येण्याआधी तो कुठे उभा होता, हे नीट बघ. मला गोलापेक्षा ती जागा महत्त्वाची वाटते. राष्ट्रीय संघांच्या 2008 च्या आफ्रिकन चषकाच्या अंतिम सामन्यातही तेच दिसते: घानातील अक्रा येथे इजिप्तच्या मोहम्मद झिदानने कॅमेरूनच्या रिगोबेर साँगशी झटापट करून चेंडू सोडवला, तेव्हा पुढचा फटका मारायला अबूत्रिका अचूक वेळी तेथे पोहोचलेला होता.

मात्र लोकांनी त्याच्यावर जो जीव लावला, तो केवळ गोलांमुळे नव्हे. 1 फेब्रुवारी 2012 रोजी इजिप्तमधील पोर्ट सैदच्या स्टेडियममध्ये सामन्यानंतरच्या हिंसाचारात सत्तरांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांतील बहुतेक अल अहलीचे पाठीराखे होते आणि त्यांपैकी एकाने ड्रेसिंग रूममध्ये अबूत्रिकाच्या डोळ्यांदेखत प्राण सोडला. मृतांना न्याय मिळेपर्यंत फुटबॉल नको, ही पाठीराख्यांची मागणी होती. सप्टेंबरमध्ये सुपर चषकाचा सामना ठरला, तेव्हा तो खेळायला उतरला नाही आणि क्लबने केलेली दंड व निलंबनाची शिक्षा त्याने सोसली. जे सहकारी खेळले त्यांना मी दोष देत नाही, परंतु त्याचा नकार मला योग्यच वाटतो. पुढच्याच वर्षी, पस्तिसाव्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेच्या ऑर्लँडो पायरेट्सविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग अंतिम फेरीच्या दोन्ही सामन्यांत गोल करून तो निवृत्त झाला.

2017 मध्ये मुस्लिम ब्रदरहुड या तिथे बंदी असलेल्या इस्लामी संघटनेला पैसा पुरवल्याच्या आरोपावरून इजिप्तमध्ये त्याचे नाव दहशतवाद्यांच्या यादीत घातले गेले. त्याने आरोप नाकारला. कतारमध्ये असल्याने वडिलांच्या अंत्ययात्रेलाही त्याला येता आले नाही. तरीही 2019 च्या आफ्रिकन चषकात कैरोच्या प्रेक्षकांनी 22 व्या मिनिटाला त्याच्या नावाचा जयघोष केला.

रादेसचा सामना पूर्ण पाहा, नुसता गोल नको. चेंडू जवळ नसताना तो काय करतो, ते मला सविस्तर लिहून कळव.

तुझा,
बाबा