इन्व्हर्टर अपडेट करण्यापूर्वी: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये नवीन फर्मवेअरची सूचना आल्याचे तुम्ही काल सांगितलेत. ते बटण तूर्त दाबू नका. फर्मवेअर म्हणजे इन्व्हर्टर चालवणारा त्याच्या आतला प्रोग्राम. तो बदलला जात असताना मध्येच वीज गेली किंवा दुसऱ्याच मॉडेलची फाइल चढली, तर इन्व्हर्टर पुन्हा सुरूच होत नाही, असेही घडू शकते. सूचनेखाली काय सुधारले आहे ते दिले असेल, तर तेवढे मला पाठवा. बॅटरीच्या सुरक्षेची दुरुस्ती असेल तर लांबणीवर टाकायला नको; एरवी घाई नाही.

माझ्या मते खरे काम अपडेटच्या आधीचे आहे. सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा: बॅटरीचा प्रकार, चार्जिंगचे व्होल्टेज, करंटची मर्यादा, बॅटरी किती उतरल्यावर पुरवठा थांबवायचा तो आकडा. स्क्रीन चकाकते, म्हणून फ्लॅश बंद ठेवा आणि दशांश चिन्हानंतरचा अंकही स्पष्ट दिसतो ना, हे चष्मा लावून पाहा. गेल्या वर्षी माझ्याकडे अपडेटनंतर बॅटरीचा प्रकार आपोआप लेड-ॲसिड झाला होता. बॅटरी मात्र तुमच्यासारखीच, लिथियम आयर्न फॉस्फेटची, 16 सेलची, 51.2 व्होल्टची. तिचा कोणताही सेल 3.65 व्होल्टच्या, म्हणजे सगळी बॅटरी मिळून 58.4 व्होल्टच्या वर जाता कामा नये, आणि लेड-ॲसिडसाठीचे इक्वलायझेशन चार्जिंग (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेले) तिला अपायकारक असते. बॅटरीतील बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारे तिचे संरक्षक सर्किट, अशा वेळी जोडणी तोडतो हे खरे, पण तो शेवटचा बचाव आहे. रोजचा भार त्याच्यावर टाकणे मला योग्य वाटत नाही. जुने फोटो होते, म्हणून चूक त्याच दिवशी सापडली.

रविवारी सकाळी, मी फोनवर असताना, आपण हे करू. त्या वेळी बाहेरची वीज असावी आणि बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. आई, इन्व्हर्टर पुन्हा सुरू होताना घराची वीज काही मिनिटे जाऊ शकते. बाबांचे झोपेतील श्वासाचे यंत्र त्याच विजेवर चालते, म्हणून रात्री हे काम कधीही करायचे नाही, कोणी कितीही सोपे आहे म्हणाले तरी.

अपडेट सुरू झाल्यावर टक्केवारीचा आकडा बराच वेळ एकाच जागी थांबलेला दिसेल. तेव्हा बॅटरीचा ब्रेकर पाडू नका, ॲप बंद करू नका, वायफायचा राउटरही हलवू नका. काही बिघडलेसे वाटले तरी इन्व्हर्टरचे झाकण उघडायचे नाही. पुरवठा बंद केल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज काही काळ टिकून राहते.

काम झाले की फोटो समोर ठेवून एकेक आकडा ताडून पाहू. बॅटरीची टक्केवारी स्क्रीनवर येते का, म्हणजे बीएमएसशी संपर्क जुळला आहे का, तेही बघू, आणि घड्याळ तपासू. ते चुकले तर ठरावीक वेळेचे चार्जिंग भलत्याच वेळी सुरू होईल. इन्व्हर्टरच्या बाजूच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांकाचा फोटो मात्र आजच पाठवा, म्हणजे ही आवृत्ती त्याच मॉडेलसाठी आहे याची खात्री मी रविवारच्या आत करून घेईन.

तुमची लेक