सूचना : बैठकीत फोन बाजूला ठेवण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार,

पुढच्या बैठकीपासून आपापला फोन आवाज बंद करून दाराजवळच्या टेबलावर ठेवायचा आहे. घरी कोणी आजारी असेल तर जवळ ठेवा, त्याबद्दल कोणी विचारणार नाही.

यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. बोट सरकवत राहिलं तरी मजकूर संपतच नाही, ही रचना २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने केली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्यांनीच जाहीर खंत व्यक्त केली. फेसबुकवर लाइकचं बटण आलं २००९ मध्ये. पुढे काय दिसेल, किती लाइक येतील हे आधी कळत नाही, म्हणून हात पुन्हापुन्हा फोनकडे जातो. तेव्हा आपलाच निग्रह कमी पडतो म्हणून स्वतःला बोल लावू नका.

आठवडाभर एवढं करून पाहा : माणसांचे कॉल आणि मेसेज सोडून बाकी नोटिफिकेशन बंद, आणि रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर. गजराला साधं घड्याळ लावा. (मला सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला.) फोनवर रोज किती तास जातात ते फोनच्या सेटिंगमध्ये स्क्रीन टाइम (आयफोन) किंवा डिजिटल वेलबीइंग (अँड्रॉइड) इथे दिसतं. तो आकडा गटात सांगायची सक्ती नाही.

काही अडचण असेल तर बैठकीआधी कळवा.