ज्यांनी माझे दान परत केले, त्या खजिनदार काकांस

आदरणीय काका,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, वार्षिक सभेत आपल्या आभाराचा ठराव आपण मांडू दिला नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहावे लागत आहे. तेही आपल्याला रुचणार नाही, याची कल्पना आहे.

नगर तालुक्यातली आमची दीड एकर जमीन रस्त्याच्या भूसंपादनात गेली आणि मोबदल्याची सगळी रक्कम माझ्या एकट्याच्या खात्यात जमा झाली. वडील मृत्युपत्र न करता वारले होते, आई त्यांच्याही आधी गेली होती. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे अशा वेळी मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो, हे मला ठाऊक होते. तरी माहेर तुटू नये म्हणून ताईने हक्कसोडपत्रावर सही केली आणि मी तिला साडीचोळी करून मोकळा झालो.

त्यानंतर दशमांशाचा धनादेश घेऊन मी आपल्याकडे आलो. हिशेब पैशापर्यंत चोख होता. फक्त मंदिराच्या दाराशी वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लावावी, एवढीच माझी विनंती होती. आपण चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "यात ताईचे किती?" मग कपाटातून १९७२ सालची अर्पणाची वही काढून माझ्यापुढे ठेवली. त्या दुष्काळात वडील सरकारी कामावर खडी फोडत होते. त्यांच्या नावापुढे दर रविवारी दहा पैसे मांडलेले होते. दोन रविवारी मात्र पैशांच्या रकान्यात नुसती रेघ होती आणि शेजारी जांभळ्या शाईत लिहिले होते, 'अंडे १'.

आपण बायबलमधले वचन वाचून दाखवले नाही. "मत्तय पाच, घरी जाऊन वाच," एवढेच म्हणून धनादेश परत दिला. वेदीपुढे दान ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगणारा तो भाग मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्यात बहीणही येते, हे त्या रात्री पहिल्यांदा कळले. दहावा भाग देवाला दिला की उरलेले नऊ आपले, असा सोयीचा समज आमच्यापैकी पुष्कळांनी करून घेतला आहे. आमच्याकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, म्हणजे घरचा धनीच; पवित्र शास्त्रातला कारभारी मात्र दुसऱ्याच्या मालाचा हिशेब देणारा नोकर आहे, आणि मी तर दुसऱ्याच्या मालातून दान करून वर पाटी मागत होतो.

ताईचा निम्मा वाटा मी तिच्या खात्यावर भरला. त्यात मोठेपणा काहीच नाही. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करतो म्हटले होते, मी जेवढे तिचे तेवढेच दिले. पुढे माझ्या वाट्याचा दशमांश आपण स्वीकारला आणि इतरांना देता तशीच साधी पावती फाडून दिली. पाटीचा विषय मीही काढला नाही.

आपण त्या दिवशी धनादेश ठेवून घेतला असता, तर मंडळीच्या छताचे अडलेले काम झाले असते. ती गरज समोर असताना आपण तो परत केला, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

ताई वर्षभर माझ्याशी जेवढ्यास तेवढेच बोलत होती. या नाताळात तिच्याकडून करंज्यांचा डबा आला आणि त्यासोबत मंडळीसाठी एक बंद पाकीट. ते येत्या रविवारी घेऊन येतो. पावती कृपया तिच्याच नावाने करावी.

आपला नम्र,
मंडळीचा एक सभासद