खालच्या मजल्यावरच्या काकांना, दोन स्क्रूंसकट

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही 'चहा टाकायला सांगतो' म्हणत स्वयंपाकघराकडे सटकता, म्हणून हे पत्र. आणि ते असं चारचौघांत लिहितेय, कारण आपल्या इमारतीत तुमच्याविषयी एक गैरसमज पसरलाय. 'तळमजल्यावरचे काका लॅपटॉप दुरुस्त करून देतात.' साफ खोटं. तुम्ही माझ्या घरातली एकही वस्तू दुरुस्त करून दिलेली नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून टेबलाशी उभे राहिलात आणि सगळं माझ्याकडून करून घेतलंत. तेव्हा मला याचा राग यायचा, हेही सांगून टाकते.

सुरुवात झाली ती गेल्या दिवाळीच्या तोंडावर. शिकवणीच्या प्रश्नपत्रिका ज्यावर करते तो माझा २०१५ सालचा लॅपटॉप. त्याचं बटण दाबून मी कुकर लावायला जायचे आणि दुसऱ्या शिट्टीला परत यायचे, तोवर तो जेमतेम जागा झालेला असायचा. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट बंद होणार होते. दुकानात दाखवला तर त्यांनी झाकणही न उघडता सांगितलं, 'मॅडम, हा गेला. नवीन घ्या.' विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते; माझा पाचव्या पिढीचा आय-थ्री. दुकानदार चूक बोलत नव्हता, अर्धंच बोलत होता. उरलेलं अर्धं तुम्ही सांगितलंत. त्या तारखेला लॅपटॉप बंद पडत नाही, त्याची डागडुजी तेवढी थांबते. आणि 'हळू चालतो' हे दुखणं वेगळं, 'जुना झाला' हे वेगळं.

मग विचारलंत, 'हळू म्हणजे नेमका कधी हळू?' मला उत्तर येईना. तुम्ही टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्रात कोण किती राबतंय ते दाखवणारी खिडकी, उघडायला लावलात. प्रोसेसर निवांत बसलेला, आणि डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. 'आता कान लाव.' लावला. उंदरानं पुठ्ठा कुरतडावा तसा आवाज. मिनिटाला ५४०० फेरे मारणारी ती हार्ड डिस्क, आणि तिला एकाच वेळी दहा जण हाका मारतायत. तुमची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली, त्यामुळे यंत्राला आधी कान लावायचा ही तुमची सवय. मला ते थोडं नाटकी वाटलं होतं. आता मी मिक्सरलासुद्धा कान लावते.

एसएसडी, म्हणजे न फिरणारी, आवाज न करणारी डिस्क, आणली. रॅम घ्यायला निघाले तेव्हा तुम्ही आमच्या गॅलरीतून ओरडलात, 'पीसी३एल! त्यातला एल विसरू नकोस!' खालून जाणाऱ्या भाजीवाल्यानं वर बघितलं. तो एल म्हणजे दीड व्होल्टऐवजी १.३५ व्होल्टवर चालणारी रॅम, आणि माझ्या लॅपटॉपला तीच लागते, हे मला घरी आल्यावर समजावलंत. स्क्रू काढताना मात्र तुमची पद्धत बघून मी थक्क झाले. कोऱ्या कागदावर लॅपटॉपचा पालथा आकार काढायचा, त्यावर दोन्हीकडून चिकटणारी टेप लावायची आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर चिकटवायचा. कारण सगळे स्क्रू सारखे नसतात. लांब स्क्रू आखूड जागेत पिळला की तो सरळ वरच्या कीबोर्डला टोचतो.

पण त्याच्याही आधी तुम्ही मला दोन दिवस स्क्रूड्रायव्हरला हात लावू दिला नव्हता. आधी फायलींच्या प्रती. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसरी तुमच्या भाषेत 'दुसऱ्या छपराखाली', म्हणजे माझ्या माहेरी, मिरजेला. मी कुरकुरले की एवढ्या प्रश्नपत्रिकांसाठी कशाला एवढं. तेव्हा काकू बोलल्या. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा तुमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. फोटोंच्या तुमच्याकडेही दोन प्रती होत्या, पण एकाच कपाटात, एकाच फळीवर. आणि पाणी ओसरल्यावर त्यातली एक डिस्क तुम्ही न राहवून लगेच जोडून बघितलीत. चिखलाचं पाणी आत असताना वीज दिली. जे कदाचित एखाद्या तज्ज्ञाला काढता आलं असतं तेही गेलं. काकू हे सांगत असताना तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मी वर गेले आणि गुपचूप दुसरी प्रत काढली.

विंडोजच्या जागी बसणाऱ्या लिनक्सची गोष्ट सांगितली तर इमारतीतले अर्धे लोक पळून जातील, म्हणून थोडक्यात. मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, तुम्ही मला आधी आठवडाभर पेनड्राइव्हवरूनच चालवायला लावलंत. 'आधी भाड्यानं राहून बघ. नळाला पाणी येतं का, खिडकी लागते का. मग घर घे.' म्हणजे वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग. पहिले तीन चालले. मराठीत मात्र घोळ झाला. माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या (म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या मराठी अक्षरांच्या) आधीच्या फॉन्टमध्ये, त्यामुळे 'खालीलपैकी कोणतेही चार' च्या जागी पडद्यावर नुसती टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. मी रडकुंडीला आले. तुम्ही म्हणालात, मजकूर कुठे गेलेला नाही, त्याचा चष्मा हरवलाय. जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टची टीटीएफ फाइल आणून इकडे ठेवली आणि अक्षरं मराठी झाली. मग एकेक पेपर युनिकोडमध्ये बदलत गेले, अजूनही बदलतेय. आठवी संपली, नववी चालू आहे.

विंडोज शेवटचं बंद करताना शिफ्ट दाबून धरायला का लावलंत, तेही मग कळलं. नाहीतर त्याच्या फास्ट स्टार्टअपमुळे ते खरं बंद होतच नाही, एक डोळा उघडा ठेवून झोपतं, आणि मग लिनक्स त्या डिस्कवर काही लिहायला नाही म्हणतं. मला हे आधी सांगितलं असतंत तर मी ऐकलं नसतं, ते सोडा.

आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरं थेट दाबायची कीबोर्डची मांडणी! मी इतकी वर्षं इंग्रजी स्पेलिंग करून मराठी लिहिणारी. गणपतीत नोटीस मीच टाइप केली होती, 'आचार्यांचे पैसे कार्यालयात जमा करावेत'. आचाऱ्यांचे म्हणायचं होतं. महाप्रसादाचा स्वयंपाक करायला कोण आचार्य येणार आहेत, असं दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा आठवडाभर विचारत होते. तुम्ही कीबोर्डवर बोट दाखवलंत (दाखवलंत फक्त, दाबलं नाहीत): शिफ्ट आणि जे, मग डी, मग य. एवढंच. ऱ्य. दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या. त्या दिवशी मी एक पानभर नुसतं 'दुसऱ्या, तिसऱ्या' लिहीत बसले होते. हे पत्रही तसंच लिहितेय आणि त्यात ऱ्य मुद्दाम जरा जास्तच आलेत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माळ्यावरून भावाचा, टीव्हीला जोडून खेळायचा प्लेस्टेशन २ निघाला, तो जाडा काळा, आणि चिरंजीवांनी तो थेट तुमच्या दारात नेऊन ठेवला. तेव्हा मला वाटलं, आता तरी काका हात सोडतील. छे. त्या बारा वर्षांच्या पोराला तुम्ही माझ्यासारखंच उभं केलंत. आमच्या नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल भोकंच नाहीत, हेडफोनसारखं एकच एव्ही भोक आहे. माझ्याकडच्या जुन्या कॅमेऱ्याची वायर त्यात बसली, पण चित्र काळं आणि स्पीकरमधून घूं असा आवाज. मी म्हटलं, मेला. तुम्हाला आनंद झाला. 'अरे, हा आवाज म्हणजे चित्रच आहे! चुकून कानात घुसलंय.' त्या पिनवर कड्या असतात आणि कोणत्या कडीवर चित्र हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं ठरवते. पोराला म्हणालात, रंग विसर, पिवळी पिन लालमध्ये घालून बघ. घातली. पडद्यावर तो निळसर धूर आणि ते खांब उगवले, आणि माझ्या अंगावर काटा आला. वीसेक वर्षांनी तो आवाज ऐकत होते.

डिस्क वाचेना तेव्हा तुमचा प्रश्न पुन्हा तसाच: 'कुठल्या वाचत नाही? निळ्या पोटाच्या की रुपेरी?' निळ्या. त्या सीडी, रुपेरी त्या डीव्हीडी, आणि दोन्हींसाठी लेझर वेगळा. कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून भिंगावरून हलकेच, 'मांजराच्या नाकावरून फिरवतोस तशी'. आणि डिस्क पुसायची ती मधून बाहेर, सरळ. गोल गोल नाही, कारण चरा माहितीच्या ओळीला आडवा गेला तर यंत्र सावरून घेतं, ओळीच्या बरोबरीनं गेला तर नाही. दोन निळ्या अजूनही वाचत नाहीत. चालायचंच.

त्याच खोक्यात भावाचा पीएसपीही होता, हातात धरून खेळायचा. मागचं झाकण नीट बसत नव्हतं. चिरंजीव स्क्रूड्रायव्हर खुपसून ते उचकटणार, एवढ्यात तुम्ही खोलीच्या त्या टोकाहून आलात आणि त्याच्या हातातून वस्तू हिसकावली. हो, हिसकावलीच. वर्षभरात तुमचे हात पाठीमागून सुटलेले मी तेवढे एकदाच पाहिले. बॅटरी उशीसारखी फुगली होती. ती तुम्ही स्वतः काढलीत, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून गॅलरीत नेलीत, आणि ई-कचऱ्यात देईपर्यंत त्या गॅलरीत कोणाला जाऊ दिलं नाहीत, काकूंच्या वाळवणालाही नाही. लिथियमच्या फुगलेल्या बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेते, हे पोराला तुम्ही नंतर शांतपणे सांगितलंत. आधी हिसकावलीत, मग सांगितलंत. त्यासाठी वेगळे आभार, आणि ते त्याचे बाबा आणि मी, दोघांकडून.

एक गंमत राहिली. प्लेस्टेशनच्या ८ एमबीच्या मेमरी कार्डावरच्या, अर्धवट सोडलेल्या खेळांच्या सगळ्या नोंदी शाबूत निघाल्या. त्याच्या आतल्या घड्याळाची बॅटरी मेली होती (सीआर २०३२, गणपती पेठेतल्या घड्याळजीकडून आणून चिरंजीवांनीच बसवली), पण त्या वेळच्या नोंदींवर तारखा होत्या. भावाची शेवटची नोंद मार्च २००७, रात्री २ वाजून ४० मिनिटं. बारावीची परीक्षा चालू होती, आणि आई त्याला रात्री दूध देऊन 'किती जागतो बिचारा' म्हणायची. फोटो काढून त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं: 'आईला दाखवू नकोस.' आई शेजारीच बसली होती.

तर काका, पैसे तुम्ही घेत नाही, आभार ऐकत नाही. तुम्ही स्क्रू ठेवायला दिलेला श्रीखंडाचा डबा मात्र परत पाठवतेय. भांडं रिकामं परत करू नये म्हणून त्यात श्रीखंडच घातलंय, घरी चक्का बांधून केलेलं, वेलदोडा जरा जास्त. झाकणावर कागदाची पुडी चिकटवलीय, ती नीट उघडा. लॅपटॉप बंद करून झाल्यावर हे दोन स्क्रू उरले होते. तेव्हा तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. लॅपटॉप उत्तम चालतोय, पण हे कुठले?

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची