‘सतत गैरहजर’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वातंत्र्याच्या आसपासच्या खेड्यातल्या बालपणाबद्दल एका वाचकाचं पत्र आपण गेल्या रविवारी छापलं. नदीत डुंबणं, कैऱ्या पाडणं, पोळ्याला तोरणाखाली धावणं. त्यात खोटं काही नाही, मलाही वाचून बरं वाटलं. पण ते बालपण पोरांचं आहे. त्याच घरांत पोरीही होत्या. त्यांचं मी सांगते. मला आता पंच्याऐंशी वर्षं झाली.

माझी मोठी बहीण १९३७ ची. तिला १९४४ साली शाळेत घातलं. दोन वर्षांनी, पावसाळ्यात, भाऊ झाला. माय निंदणाला वावरात गेली की तो ताईच्या कडेवर. ती त्याला घेऊनच शाळेत यायची. तो रडला की गुरुजी तिला बाहेर बसवायचे. एका खोलीत चार वर्ग, त्यांनी तरी काय करावं! ती खिडकीखालच्या वट्यावर बसायची. आत आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी घोकायचो, ती बाहेरून ऐकायची. डाव्या कमरेवर पोर आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत राहायचा. पुढे आयुष्यभर तिचा हिशोब तसाच चालला. कापूस वेचण्याची मजुरी वजनावर मिळायची. मापाडी कागदावर आकडे मांडत असायचा, तेव्हा ताईचा अंगठा केव्हाच थांबलेला असे.

शाळेआधी जात्यावरचं दळण, विहिरीवरून गुंडानं पाणी, शेणपोह. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची वावरातली पूजा, झालं की वर्गातल्या निम्म्या पोरी पऱ्हाटीत. लहान बोटांनी बोंडातला कापूस लवकर निघतो, म्हणून घरोघरी पोरीच लागायच्या. वाळलेल्या बोंडाची टोकं काट्यासारखी असतात, नखाच्या कडेला चिरा पडतात. रात्री माय त्यात गोडं तेल सोडायची. त्या हातांनी पाटीवरची पेन्सिल धरवत नसे.

हक्काचा महिना एकच, भुलाबाईचा. भाद्रपदातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी कुणी काम सांगत नसे. घरोघर गाणी, मग डब्यातली खिरापत ओळखायची. ताईचा एक हात पोरात गुंतलेला, त्यामुळे तिला टाळी वाजवता यायची नाही. ती मांडीवर थाप देऊन ताल धरायची.

१९५० साली तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं. सारडा कायद्यानं १९३० पासून मुलीच्या लग्नाचं वय चौदा होतं, १९४९ मध्ये ते पंधरा झालं. पण लग्न लागलं की त्या कायद्यानं ते मोडत नसे, आणि शिक्षा व्हायची तर कुणीतरी वर्षाच्या आत कोर्टात तक्रार न्यायची. ती नेणार कोण? मांडवात तर सारं गाव जेवत होतं. मी शिकले, मास्तरीण झाले, ते भाऊ ताईच्या कडेवर होता म्हणून. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत जेमतेम नऊ साक्षर निघाल्या. खिडकीखालच्या वट्यावर शिकलेल्या त्यात कुठे धरल्या असतील?

काही वर्षांपूर्वी त्याच भावाच्या नातवाला जात पडताळणीसाठी १९६७ च्या आधीचा पुरावा हवा होता. कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढली, तर ताईच्या जन्माच्या ओळीत फक्त ‘मुलगी’. नाव नाहीच. मग शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहिलं. पानं इतकी कुरकुरीत की उलटताना कोपरे हातात येत होते. त्यात ताई सापडली, नाव, जात, जन्मतारखेसकट. शेवटच्या रकान्यात नाव कमी केल्याचं कारण होतं, ‘सतत गैरहजर’. त्या ओळीवर पोराचं काम झालं, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. मी ताईला तो शेरा वाचून दाखवला. ती म्हणाली, “मी त रोजच जावो, बाई. वट्यावर बसो.” एवढंच बोलली आणि तुरीच्या शेंगा सोलत राहिली.

आता ताई नाही. त्याच पानावर आणखी सात पोरींपुढे तोच शेरा होता, मी मोजला. सातही माझ्या ओळखीच्या. एकीची माय बाळंतपणात गेली होती, एकीला देवी येऊन डोळा गेला होता, बाकीच्या वेचणीला जायच्या. रजिस्टरात यातलं काही नाही.

पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद होतात, एकीत दुसरी मिसळते, तेव्हा ही रजिस्टरं कुठे जातात? एका शाळेत ती मी कूलरच्या गवताच्या जाळ्यांखाली दाबलेली पाहिली. ज्या गुरुजींच्या कपाटात ती असतील, त्यांनी मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढून ठेवावा, दुपारभराचं काम आहे. तहसीलमधल्या कोतवाल बुकांचंही तेच. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढची आजी आहे, त्यांनी रजिस्टरात तिचं नाव शोधून तो शेरा तिला वाचून दाखवावा आणि ती काय म्हणते ते तिच्याच बोलीत लिहून आपल्याकडे पाठवावं. आपण रविवारच्या अंकात त्यासाठी थोडी जागा द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ